शिशाचे सैनिक आणि पावनखिंडीचा देखावा: आधी जमीन, मग माणसे

खिंडवाट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

गेली बारा वर्षे मी ऐतिहासिक सैनिकांच्या छोट्या प्रतिकृती जमवतो आहे. या संग्रहाची सुरुवात आजोबांच्या ट्रंकेत सापडलेल्या एका लाल खोक्यापासून झाली. त्या खोक्यात लंडनच्या ब्रिटन्स कंपनीचे शिशाचे सैनिक होते आणि त्यांतला एक संच चक्क ‘बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्री’चा होता. सात शिपाई, डोक्याला पागोटे, खांद्यावर बंदूक, सगळ्यांचा एकच पाय पुढे. एकाचे मुंडके निघालेले असल्यामुळे मानेतून आत पाहिले तर शरीर पूर्ण पोकळ असल्याचे दिसते. विल्यम ब्रिटन यांच्या मुलाने, म्हणजे धाकट्या विल्यम ब्रिटन यांनी १८९३ मध्ये बसवलेली ओतकामाची पद्धत ती हीच. वितळलेला धातू साच्यात ओतायचा, साच्याला लागलेला थर गोठला की साचा लगेच उलटा करून मधला पातळ धातू बाहेर काढून टाकायचा. त्याआधी बाजारावर जर्मन कारखान्यांच्या भरीव सैनिकांची पकड होती. पोकळ सैनिकाला धातू कमी लागतो, वजन कमी भरते आणि किंमतही उतरते, एवढ्या एका युक्तीवर ब्रिटन्सने ती पकड सैल केली. ही कंपनी १९६६ पर्यंत शिशाचे सैनिक काढत होती.

या सैनिकांची उंची साधारण ५४ मिलिमीटर असते, म्हणजे प्रमाण १:३२ च्या आसपास. संग्राहकांच्या जगात हे माप फार रुळलेले आहे. पण कपाटातल्या काचेमागे रांगेने उभे असलेले हे सैनिक पाहताना मला नेहमी असे वाटत आले आहे की त्यांच्या पायांखाली जमीन नाही. ते कुठे चालले आहेत, कशासाठी थांबले आहेत, समोर कोण आहे, यांतले काहीच त्या फळीवर कळत नाही. म्हणून आता एक पूर्ण प्रसंग मांडायचा, असे ठरवले आहे. प्रसंग आहे १३ जुलै १६६० चा, घोडखिंडीतला, जिला आपण पावनखिंड म्हणतो. आजोबांचे सैनिक त्यासाठी वापरणार नाही. मावळे मी तारेच्या सांगाड्यावर एम-सील चढवून स्वतः घडवणार आहे.

या कामात माझा आदर्श ब्रिटिश सैन्यातला कॅप्टन विल्यम सिबॉर्न हा आहे. वॉटर्लूच्या लढाईची प्रतिकृती करण्याचे काम त्याच्याकडे १८३० मध्ये आले, तेव्हा त्याने एकही सैनिक घडवायच्या आधी रणभूमीवरच्या ला हे सेंत या शेतवाडीत मुक्काम ठोकला आणि आठ महिने चढउतार, बांध, रस्ते आणि पिके मोजून काढली. त्यानंतर लढाईतून वाचलेल्या अधिकाऱ्यांना पत्रे पाठवून, १८ जून १८१५ च्या संध्याकाळी सातच्या सुमारास तुमची तुकडी नेमकी कुठे उभी होती, समोर शत्रू कोणता होता आणि शेतात पीक कोणते होते, असे प्रश्न विचारले. १८३८ मध्ये लंडनमध्ये ही प्रतिकृती लोकांसमोर आली तेव्हा तिच्यात सत्तर हजारांहून अधिक इवल्या आकृती होत्या. आज ती लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे. सरकारने मध्येच पैसे थांबवल्यामुळे सिबॉर्न कर्जात बुडाला आणि प्रशियन सैन्याची जागा ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनच्या गोटातल्या लोकांना पसंत न पडल्याने त्याला प्रशियनांच्या हजारो आकृती शेवटी उचलून ठेवाव्या लागल्या. त्या माणसाने जमिनीपासून सुरुवात केली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

मीही गेल्या आषाढात पन्हाळ्याहून चालत खिंडीपर्यंत गेलो. मोजपट्टी, वही आणि पेन्सिल एवढेच जवळ ठेवले होते. वहीची निम्मी पाने पावसाने चिकटली, तरी कातळाचा उतार, ओढ्याचे वळण आणि आजच्या पायऱ्या वगळल्यावर उरणारी मूळ वाट यांची रेखाटने हाती आली आहेत. आता अडचणी तीन आहेत. पन्नास मीटरांचा तुकडा घेतला तर १:३२ प्रमाणात तो दीड मीटरांहून लांब होतो आणि १:७२ प्रमाणात सत्तर सेंटिमीटरांत बसतो. पण १:७२ मध्ये माणूस जेमतेम अडीच सेंटिमीटरांचा राहतो आणि चेहरा हरवतो. दुसरी अडचण, क्षण कोणता निवडावा? तिसरी, कोसळणारा पाऊस स्थिर देखाव्यात दाखवायचा कसा? माझ्या डोक्यात साधारण चाळीस आकृती आहेत. जाणकारांनी मोकळेपणाने लिहावे.

कुंभारआळी

धागा वाचून फार आनंद झाला. आमच्या घरी दिवाळीच्या किल्ल्यावरची चित्रे करण्याचा व्यवसाय आजोबांपासून आहे. आमच्यात त्यांना प्रतिकृती कोणी म्हणत नाही, चित्रेच म्हणतात. दोन पाळ्यांचा, म्हणजे दोन अर्ध्या भागांचा साचा असतो. माती मऊ मळून दोन्ही पाळ्यांत अंगठ्याने दाबायची, कडांना पातळ मातीचा हात फिरवून पाळ्या जोडायच्या आणि थोडे सुटले की साचा उघडून सांध्यावरची रेघ ओल्या फडक्याने पुसून घ्यायची. ही रेघ पुसण्यात ज्याने आळस केला त्याचा मावळा रंगवल्यावरही दोन तुकडे चिकटवल्यासारखा दिसतो. हल्ली पुष्कळ चित्रे प्लास्टरची असतात, कारण ती झटपट होतात. पण मातीच्या चित्राच्या चेहऱ्यावर जो मऊपणा येतो तो प्लास्टरला येत नाही, असे माझे मत आहे.

आपण प्रमाणाबद्दल लिहिले आहे म्हणून एक गोष्ट नोंदवतो. दिवाळीच्या किल्ल्यात सिंहासनावरचे महाराज सर्वांत मोठे असतात, त्यांच्याखालोखाल भालदार, मग मावळे, आणि पायथ्याच्या गावातली गवळण कधीकधी बुरुजापेक्षाही उंच असते. काही मंडळी याला चूक म्हणतात. मला ती चूक वाटत नाही. जुन्या चित्रांत आणि शिल्पांतही राजा इतरांपेक्षा मोठा काढलेला असतो, कारण तिथले माप मानाचे असते, फूटपट्टीचे नसते. अळीव पेरून उगवलेले गवत मावळ्याच्या गुडघ्याच्या वर गेले तरी मुलांना तो डोंगरच दिसतो. आपण करत आहात तो प्रकार वेगळा आहे आणि तिथे फूटपट्टी पाळायलाच हवी, हे मान्य आहे. पण दोन्हींना एकाच काट्याने तोलू नये, एवढी विनंती.

कामाचे एक सांगतो. खिंडीतली खरी माती आणली असेल तर ती तशीच वापरू नका. आधी तव्यावर भाजून घ्या, म्हणजे बुरशी आणि किडे मरतील, आणि मग मलमलीतून गाळा. न गाळलेल्या मातीचा साधा खडा तुमच्या मावळ्यापुढे धोंड्याएवढा दिसेल.

जपणूक

मी वस्तुसंग्रहालयातल्या वस्तूंच्या जतनाचे काम केले आहे, म्हणून देखाव्याआधी आजोबांच्या सैनिकांबद्दल लिहिते. खिंडवाट, ते सैनिक कोणत्या कपाटात ठेवले आहेत? लाकडी किंवा प्लायवूडच्या बंद कपाटात असतील तर आजच बाहेर काढा. लाकूड, प्लायवूड, एमडीएफ, त्यांतले डिंक आणि नवा तेलरंग यांतून ॲसिटिक आम्लाची वाफ हळूहळू सुटत राहते. बंद काचेमागे ती साठते आणि आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत शिशाला खाऊ लागते. सागवानी कपाट म्हणजे उत्तम कपाट, ही आपली समजूत शिशाच्या बाबतीत उलटी पडते.

लक्षण असे ओळखावे: रंगाखाली बारीक फोड आल्यासारखे दिसते, घोट्याजवळ किंवा बंदुकीच्या टोकाशी पांढरट भुकटी जमते आणि बोट लावले की ती सुटते. ती धूळ नसते, खुद्द सैनिक असतो. ब्रश घेऊन ती कोरडी झाडू नका, कारण शिशाची भुकटी श्वासातून आत जाणे धोक्याचे आहे. बाधित सैनिक वेगळा ठेवा, हाताळताना हातमोजे घाला, नंतर हात साबणाने धुवा आणि लहान मुलांच्या हाती हे सैनिक देऊ नका. कायमची जागा म्हणून काच आणि धातूचे, थोडी हवा खेळती ठेवणारे कपाट उत्तम. आत सिलिका जेलची पुडी ठेवून ती ठराविक काळाने बदलावी. काच बसवताना व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन वापरू नये. तो वास म्हणजे तेच आम्ल. वर्तमानपत्रात किंवा साध्या पुठ्ठ्यात गुंडाळून ठेवणेही टाळा.

माझ्या स्वतःच्या घरातली गोष्ट सांगते. वडिलांचे दोन भालाईत घोडेस्वार मी मोठ्या हौसेने एका सुताराकडून नव्या पेटीत बसवून घेतले होते. पेटी सुरेख होती, घट्ट बंद होत होती. दोन पावसाळ्यांनंतर उघडली तेव्हा एका घोड्याचे पुढचे पाय उरले नव्हते. या विषयाचे ज्ञान असूनही माझ्याच घरात हे घडले, याचे दुःख अजून आहे.

आणि कृपया त्या सात शिपायांना नवा रंग देऊ नका. उडालेला मूळ रंग हाच त्यांचा इतिहास आहे. सुटे मुंडके बसवायचे असेल तर काडेपेटीच्या काडीचा तुकडा मानेच्या पोकळीत घालून वर मुंडके टेकवण्याची जुनी घरगुती पद्धत आहे. तिच्यात डिंक लागत नाही आणि पुढे कधीही ते पुन्हा काढता येते.

खिंडवाट (धागाकर्ता)

जपणूक ताई, आपला प्रतिसाद वाचून लगेच कपाट उघडले. कपाट प्लायवूडचेच आहे. सातांपैकी दोघांच्या टाचांपाशी पांढरी भुकटी दिसली, जी मी इतकी वर्षे भिंतीचा चुना समजत होतो. सर्व सैनिक सध्या एका उघड्या स्टीलच्या ताटात, काचेच्या झाकणाखाली फट ठेवून मांडले आहेत. रंग देण्याचा विचार होता, तो सोडला. मनापासून आभार.

माईनकाठ

मी नोकरीनिमित्त जर्मनीत राहतो. बवेरियातल्या कुल्मबाख गावात, प्लासेनबुर्ग किल्ल्यावर, कथलाच्या छोट्या आकृतींचे मोठे संग्रहालय आहे. तिथे तीन लाखांच्या घरात आकृती आहेत. १५५३ मध्ये त्याच गावाचा झालेला विध्वंस दाखवणाऱ्या एकाच देखाव्यात १९,००० हून अधिक आकृती मांडल्या आहेत. पण तुमच्या पहिल्या अडचणीचे उत्तर मला त्या संख्येत नव्हे, लहान पेट्यांमध्ये सापडले, म्हणून लिहितो आहे.

तिथल्या आकृती चपट्या असतात. स्लेटच्या दगडावर दोन्ही बाजू उलट कोरून त्यांत धातू ओततात. माणूस तीन सेंटिमीटर उंच आणि जाडीला एखाद्या नाण्याएवढा. न्यूरेंबर्गच्या एर्न्स्ट हाइनरिक्सन यांच्या कारखान्याने एकोणिसाव्या शतकात ही ३० मिलिमीटरची उंची रूढ केली. बाजूने पाहिले तर सैनिक रेघेसारखा नाहीसा होतो, आणि समोरून पाहिले तर केवळ रंगातल्या सावलीमुळे तो गोल वाटतो. अशा आकृती चहूबाजूंनी पाहायच्या देखाव्यात ठेवताच येत नाहीत. म्हणून कारागीर खोल पेटी करतात, एकच बाजू उघडी ठेवतात आणि प्रेक्षकाने कुठून पाहायचे हे स्वतः ठरवतात. पुढे मोठ्या आकृती, मागे लहान, त्यामागे त्याहून लहान, आणि जमीन मागच्या बाजूला किंचित चढवत नेलेली. हाताच्या खोलीची पेटी, पण नजर मैलभर आत जाते. मी एका पेटीसमोर इतका वेळ उभा होतो की सोबतची मंडळी पुढच्या मजल्यावर निघून गेली.

तुमची खिंड तर निसर्गानेच केलेली पेटी आहे. दोन्ही बाजूंना कातळ, पाहायला एकच तोंड. मग १:३२ की १:७२ हा प्रश्न उरतच नाही, दोन्ही वापरा. तोंडाशी ५४ मिलिमीटरचे मोजके मावळे, आत वळणापलीकडे १:७२ चे. मात्र दोन मापांच्या मध्ये काहीतरी आडवे हवे. एखादा मोठा धोंडा, झाड किंवा वाटेचे वळण ठेवा, म्हणजे दोन मापे एकमेकांशेजारी दिसणार नाहीत आणि डोळा फसेल.

पूर्णाथडी

मी जालना जिल्ह्यातला. सिबॉर्नचा उल्लेख झाला आहे म्हणून सांगावेसे वाटते की वॉटर्लूच्या त्याच वेलिंग्टनची एक मोठी लढाई आमच्या असईला झाली, २३ सप्टेंबर १८०३ रोजी. तेव्हा तो आर्थर वेलस्ली होता. शिंद्यांच्या कवायती पलटणी पोलमान या हॅनोव्हरच्या अधिकाऱ्याच्या हाताखाली केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात उभ्या होत्या, शंभरच्या आसपास तोफा घेऊन. वेलस्लीच्या बाजूचे मृत, जखमी आणि बेपत्ता मिळून १,५८४ लोक गेले, आणि त्याच्या मुख्य फौजेच्या मानाने हा आकडा फार मोठा होता. त्या तोफांवरचे आपले गोलंदाज शेवटपर्यंत जागेवरून हलले नाहीत. त्यांचा देखावा कोणीतरी करावा, अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे.

पण क्षण निवडण्याचा प्रश्न निघाला आहे, तर मी तोफांचा क्षण सुचवणार नाही. वाटाड्यांनी नदीला उतार, म्हणजे ओलांडता येईल अशी उथळ जागा, नाही असे सांगितले, तेव्हा वेलस्लीने दुर्बिणीतून दोन काठांवर समोरासमोर वसलेली दोन गावे पाहिली आणि इतकी जवळची गावे असताना मध्ये उतार नाही असे होणारच नाही, असा तर्क केला. उतार निघाला आणि लढाई तिथेच वळली. एक घोडेस्वार, एक दुर्बीण, एक नदी आणि पलीकडे चार घरे. देखावा करायला एवढे पुरेसे आहे, कारण जमिनीने लढाई कशी ठरवली हे त्यात दिसते. लढाईचा ऐन धुमाळा मांडला की पन्नास माणसे पन्नास प्रकारे तलवारी उगारतात आणि नजर कुठेच थांबत नाही. खिंडवाट, आपल्या खिंडीतही हाणामारीच्या आधीचा किंवा मधला एखादा क्षण शोधून पाहावा.

रानवाट

पावसाबद्दल दोन ओळी. पाऊस स्वतः दाखवायला जाऊ नका. मासेमारीच्या दोऱ्याचे किंवा चमकीचे पाऊस मी पाहिले आहेत. ते पाऊस न वाटता पडदा वाटतात. पाऊस त्याच्या खुणांनी दाखवावा. कातळाचा वरचा भाग मंद, खालचा ओला. खाचांत वॉर्निशचे तीन-चार पातळ थर. वाटेवरच्या पाऊलठशांत साचलेले पाणी. अंगाला चिकटलेले अंगरखे. एक मोठा थर एकदम ओतू नका, तो पिवळा पडतो आणि बुडबुडे धरतो.

खिंडवाट (धागाकर्ता)

आठवडाभर सगळे प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचले आणि वही नव्याने उघडली. आराखडा पूर्ण बदलला आहे.

देखावा आता चहूबाजूंनी पाहायचा राहणार नाही. सत्तर सेंटिमीटर खोल पेटी, एकच तोंड, आणि पाहणाऱ्याची नजर तोंडाशी उभ्या असलेल्या मावळ्याच्या डोक्याच्या पातळीवर. पूर्णाथडींच्या सांगण्यावरून लढाईचा क्षण सोडला. मी निवडलेला क्षण फौज दुभंगली तेव्हाचा आहे: महाराजांसोबतची माणसे विशाळगडाच्या दिशेने निघून चालली आहेत आणि बाजीप्रभूंसोबत थांबलेली माणसे आल्या वाटेकडे तोंड करून उभी आहेत. पाठलागावरच्या सिद्दी मसूदचे लोक अजून दिसत नाहीत. आत जाणाऱ्यांच्या पाठी १:७२ मध्ये, थांबलेल्यांचे चेहरे ५४ मिलिमीटरमध्ये. माईनकाठ यांनी सुचवलेली दोन मापांची युक्ती या क्षणाला इतकी चपखल बसते की दुसरा क्षण आता सुचतच नाही. जाणारी माणसे लहान होत जातात, ते दूर गेल्यामुळेच. मधला आडोसा म्हणून ओढ्याच्या वळणावरचा तो धोंडा ठेवला आहे, जो मी तिथे मोजला होता.

आकृती चाळीसवरून सतरावर आणल्या आहेत. पुढे सहा, मागे अकरा. तीनशे ही परंपरेने सांगितली जाणारी संख्या मांडण्याचा हट्ट सोडला, कारण कातळामागे आणखी माणसे आहेत हे दोन भाल्यांची नुसती टोके दाखवूनही कळते. बंदूक एकाच्याच हाती ठेवली आहे, आणि त्यानेही ती फडक्यात गुंडाळून काखेत धरली आहे. ऐन आषाढात तोडा (बंदुकीची वात) पेटता ठेवून कानावरची (बत्ती लावण्याच्या छिद्राजवळची) दारू कोरडी राखणे किती कठीण गेले असेल, याचा विचार केल्यावर हातात ढाल, तलवार, पट्टा आणि भालाच हवा असे वाटले. पोशाखासाठी मीर मुहम्मद या चित्रकाराने मनूची या इटालियन प्रवाशाकरिता काढलेले महाराजांचे अश्वारूढ चित्र समोर ठेवले आहे, कारण ते त्याच काळातले आहे आणि त्यात महाराजांबरोबर पायी चालणारी शस्त्रधारी माणसेही आहेत. एका मावळ्याने डोक्यावरचे इरले काढून कातळाला टेकवून ठेवले आहे. हात मोकळे हवेत म्हणून त्याने ते बाजूला ठेवले, एवढेच त्यातून दिसावे.

कुंभारआळी दादा, माती भाजून मलमलीतून गाळली. पहिल्या गाळणीनंतरही जाड वाटली म्हणून मलमल दुहेरी केली. आता ती हाताला पिठासारखी लागते. फेव्हिकॉल पाण्यात पातळ करून कातळाच्या पायथ्याशी पहिला थर दिला आहे. ओला असताना तो हुबेहूब खिंडीतल्या वाटेच्या रंगाचा दिसत होता, वाळल्यावर फिका पडला, म्हणून आता त्यात चहाच्या काळ्या पाण्याचा एक हात देऊन पाहणार आहे.

ताई, नव्या पेटीत शिसे अजिबात नाही, त्यामुळे ती प्लायवूडची असली तरी चालेल असे मी धरून चाललो आहे. चूक असेल तर सांगावे. आजोबांच्या सात शिपायांसाठी ॲल्युमिनियमचे आणि काचेचे कपाट सांगितले आहे. ज्याचे मुंडके निघाले होते त्याच्या मानेत काल रात्री काडी बसवली. मुंडके किंचित डावीकडे वळलेले राहिले आहे आणि मी ते तसेच ठेवले.

जपणूक

प्लायवूड चालेल. फक्त ती पेटी शिपायांच्या कपाटात ठेवू नका, आणि तिच्यातला रंग पुरता वाळून वास जाईपर्यंत एकाच खोलीतही नको. सतरा माणसे उभी राहिली की छायाचित्रे जरूर टाका, आणि एक त्या वळलेल्या मुंडक्याचेही.